नागपूरहून ट्राउट धरायला निघालात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी लागला की मला फोन येऊ लागतात. "भाऊ, मार्चमध्ये हिमाचलला चाललो, ट्राउट धरायचा आहे, काय काय घेऊ?" विचारणारा बहुतेक वेळा लहानपणी कन्हानच्या नाहीतर वेणाच्या काठावर गरी टाकून बसलेला असतो. गांडूळ लावणं त्याला कोणी शिकवावं लागत नाही. पण स्पिनिंग रॉड कधी हातात आलेला नसतो, आणि थंड, वाहत्या पाण्यातला मासा बघितलेला नसतो. फोनवर दरवेळी तेच बोलतो, म्हणून ते इथं लिहून ठेवलं आहे.

नागपूरच्या तलावात ट्राउट भेटतो का?

नाही. फुटाळ्यात नाही, अंबाझरीत नाही, खिंडसीत नाही. ट्राउटला १० ते १६ अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. २० च्या वर गेलं की तो खाणं सोडतो, २५ च्या आसपास त्याच्या जिवावर बेततं. थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो हे त्याचं मुख्य कारण. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच. आपल्या रोहूला, मरळीला तेवढं पुरतं. मरळ तर वर येऊन हवाच घेते. ट्राउट तसा जगू शकत नाही.

मग चिखलदऱ्याला सोडला तर? तिथं थंडी असते ना.

थंडी असते, पण हिवाळ्यात. चिखलदरा अकराशे मीटरच्या आसपास उंच आहे आणि तिथलं पाणी बर्फातून येत नाही. मे महिन्यात तिथलं तळं ट्राउटला सोसणार नाही. शिवाय जगला असता तरी सोडू नये असंच मी म्हणेन. ब्राउन आणि रेनबो या दोन्ही ट्राउटची नावं जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत आहेत. जिथं सोडले तिथल्या मूळच्या लहान माशांना ते खाऊन टाकतात. हिमालयातसुद्धा ट्राउट मूळचा नाही. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काश्मीरमध्ये आणि १९०९ मध्ये कुल्लू खोऱ्यात तो आणला. तिथं आता तो रुळला आहे, आपण तिथं जाऊन धरावा.

जायचं कुठं?

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी तीर्थन खोरं सांगतो. तीर्थन नदी ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कात उगम पावते, बंजारवरून वाहत लारजीजवळ बियासला मिळते. पात्र फार रुंद नाही, म्हणजे नवख्याचा गळसुद्धा कामाच्या जागी पडतो. काठाकाठानं चालता येतं. गुशैणीच्या आसपास राहायची सोय आहे आणि नदी दारातच असते.

नागपूरहून दिल्लीपर्यंत रेल्वे, दिल्लीहून मनालीकडे जाणारी रात्रीची बस. पहाटे औटच्या बोगद्याच्या अलीकडे उतरायचं. बोगदा ओलांडू द्यायचा नाही, म्हणून कंडक्टरला आदल्या रात्रीच सांगून ठेवा. तिथून बंजार, बंजारहून गुशैणी. जोगिंदरनगरकडून बरोटला गेलात तर उहल नदी आहे, तीही चांगली. काश्मीरच्या नद्या सुंदर आहेत, पण तिथले नियम वेगळे आणि कडक. पहिला हात हिमाचलात बसवा.

कोणत्या महिन्यात?

हिमाचलात ट्राउटच्या पाण्यात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत बंदी असते, कारण ब्राउन ट्राउट थंडीत अंडी घालतो. उरलेल्या आठ महिन्यांतले सगळे सारखे नाहीत. मार्च-एप्रिल उत्तम. पाणी काचेसारखं नितळ आणि मासा हिवाळ्याचा भुकेला. मे-जूनमध्ये बर्फ वितळतं, दुपारनंतर नदी गढूळ आणि फुगलेली, म्हणून फक्त सकाळ हाताशी लागते. जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका. सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरभर पुन्हा चांगलं. दसऱ्याच्या सुट्टीत जमवता आलं तर त्यासारखं काही नाही.

परवाना लागतो का? आणि गांडूळ चालतं का?

परवाना लागतोच. तो हिमाचलच्या मत्स्य विभागाकडून दिवसाच्या हिशेबानं मिळतो. किती मासे ठेवता येतात, किती लांबीच्या आतला सोडायचा, कोणता पट्टा राखीव आहे, हे त्यावर आणि विभागाच्या कार्यालयात कळतं. गांडुळाचं मात्र तोंडी विचारून घ्या. ट्राउटच्या अनेक पाण्यांत नैसर्गिक आमिषाला मनाई असते, काही ठिकाणी फक्त बनावट माशी (पिसं-दोऱ्याची) लावून गळ टाकता येतो. हॉटेलवाला "चलता है" म्हणाला म्हणून चालत नसतं. तिथल्या मत्स्यरक्षकानं हो म्हटलं तरच गांडुळाचा डबा उघडा.

सामान काय घेऊ?

हलकं. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा.

रॉड साडेपाच ते सात फुटांचा, 'लाइट' किंवा 'अल्ट्रालाइट' लिहिलेला. त्याच्या दांड्यावर, मुठीच्या थोडं वर, किती वजनाचं आमिष फेकता येतं ते छापलेलं असतं. तिथं २ ते १० ग्रॅम असं काहीतरी दिसलं पाहिजे. चार तुकड्यांचा घेतलात तर पिशवीत मावतो. दोन तुकड्यांचा असेल तर प्लंबरकडून प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा घ्या, दोन्ही तोंडांना टोपणं लावा आणि रेल्वेत बर्थखाली सरकवा. विमानानं गेलात तर गळ हातातल्या बॅगेत ठेवू नका.

रील, म्हणजे दोरा गुंडाळायची चकरी, स्पिनिंगची, १००० ते २५०० आकाराची. तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, चार ते सहा पाउंडी, म्हणजे तेवढं वजन पेलणारा. आपल्याकडे दुकानात तंगूस मागितला की जाड काढून देतात, तो नको. चार पाउंडी तंगूस केसाएवढा वाटतो आणि बघून भरवसा बसत नाही. पण ट्राउटचं पाणी नितळ असतं, जाड दोरा त्याला दिसतो, आणि जाड दोऱ्यावर तीन ग्रॅमचं स्पिनर, म्हणजे ओढताना पातं फिरणारं धातूचं आमिष, उडतच नाही.

स्पिनर ०, १ आणि २ नंबरचे मिळून सहा, म्हणजे तीन चांदीच्या रंगाचे आणि तीन पितळी. तीन ते सात ग्रॅमचे दोनचार चमचे, म्हणजे चमच्याच्या आकाराची धातूची आमिषं. गांडुळासाठी ८ ते १० नंबरचे गळ, मोहरीपासून ज्वारीएवढ्या शिशाच्या चिरलेल्या गोळ्या, बारीक स्विव्हल (दोऱ्याला पीळ बसू नये म्हणून लावायची फिरती कडी). चिमटीचा पक्कड, नखं कापायचं कटर. एवढंच. जॅकेटच्या खिशात मावायला हवं.

आणि पोलराइज्ड गॉगल. पाण्यावरची चकाकी तो कापतो आणि खालचा दगड दिसू लागतो, दगडामागचा मासाही.

घरी रोहूची काठी आहे, ती चालवून घेऊ का?

नका घेऊ. मी पहिल्या खेपेला एका दुकानदाराच्या सांगण्यावरून आठ फुटी जाड रॉड आणि वीस पाउंडी तंगूस नेला होता. "एकदाच घ्या, सगळ्यात चालतो," असं तो म्हणाला होता. तीन ग्रॅमचं स्पिनर सहा पावलांपलीकडे गेलं नाही. दोन दिवसांचा परवाना, हजार किलोमीटरहून जास्त प्रवास, आणि दीड दिवस मी नदीच्या अलीकडच्या काठालगतच गळ टाकत राहिलो. मासे मधल्या दगडामागे होते, ते मला दिसत होते.

ड्रॅग म्हणजे काय, आणि तो किती आवळायचा?

रीलच्या पुढच्या तोंडावर जी फिरकी असते तिनं ड्रॅग आवळतो. मासा ठरावीक जोरापेक्षा जास्त ओढू लागला की रीलनं आपणहून दोरा सोडावा, यासाठी ती असते. हलक्या सामानाचा सगळा जीव या फिरकीत आहे.

नवखा माणूस मासा सुटू नये म्हणून ती आवळतो, आणि त्यामुळेच मासा सुटतो. दुसऱ्या खेपेला माझ्याकडे हलका रॉड होता, पण ड्रॅग घट्ट. गुशैणीच्या वरच्या अंगाला एका खोल डोहाच्या तोंडाशी ब्राउन ट्राउट लागला, हातभर नसेल पण चांगला. त्यानं प्रवाहाच्या दिशेनं एकच धाव घेतली. टक् असा आवाज आला आणि रॉड सरळ झाला. माझं स्पिनर त्याच्या जबड्यात राहिलं याचं मला आजही वाईट वाटतं.

आवळायचा किती? दोऱ्याच्या ताकदीच्या चौथ्या हिश्श्याएवढा. चार पाउंडीसाठी तो हिशेब साधारण अर्धा किलो येतो, आणि अर्धा किलो मोजायला तराजू लागत नाही. पाण्याची अर्ध्या लिटरची भरलेली बाटली तंगुसाला बांधा आणि रील हातात धरून उचला. बाटली जागची हलावी, थोडी वर यावी आणि दोरा करकर करत हळूहळू सुटू लागावा. बाटली सरळ वर आली तर फिरकी अर्धा वेढा सैल करा. हे घरीच करा, गच्चीवर.

मासा दोरा ओढून नेत असताना हँडल फिरवत बसू नका. दोरा आत येत नाही, फक्त पीळ चढतो, आणि पुढच्या फेकीला गुंता होतो. तो थांबला की रॉड वर उचला, खाली आणताना गुंडाळा.

नागपुरात सराव कसा करू?

पाण्याशिवाय सुरू करा. घरामागची मोकळी जागा, शाळेचं पटांगण, काहीही चालेल. दोऱ्याला गळ न लावता पाच ग्रॅमचं शिसं बांधा. बारा पावलांवर घमेलं ठेवा. रीलवरची वाकडी तार उघडा, दोरा तर्जनीच्या पेरावर धरा, रॉड घड्याळात दोन वाजल्यासारखा मागे न्या, पुढे आणताना दहा-अकराच्या जागी बोट सोडा. शिसं वर आभाळात गेलं तर बोट लवकर सुटलं, समोर जमिनीवर आपटलं तर उशिरा. शिसं घमेल्यात पडलं की टणकन आवाज येतो. दहात पाच वेळा तो आवाज आला की घमेलं वीस पावलांवर न्या. रोज वीस मिनिटं, पंधरा दिवस. दंडानं फेकू नका, मनगटानं फेका.

मग तलाव. आपल्याकडचे बहुतेक तलाव मासेमारीसाठी सहकारी संस्थांना दिलेले असतात. काठावर जाळं वाळवत बसलेल्या भोई-ढिवर मंडळींना आधी विचारा. त्या पाण्यावर त्यांचं घर चालतं. नीट विचारलं तर सहसा नाही म्हणत नाहीत, उलट मरळ कुठं बसते तेही सांगतात. तोतलाडोहकडे फिरकू नका, तो पेंच व्याघ्र प्रकल्पात येतो आणि तिथं मासेमारीला बंदी आहे.

हलक्या स्पिनरवर मरळीचं पिल्लू नाहीतर चिलापी लागली तरी हाताला बरंच कळतं. पातं फिरतंय की नाही हे रॉडच्या मुठीत थरथरीनं समजतं. ही थरथर ओळखता येणं म्हणजे निम्मा सराव झाला.

स्पिनर लावू की गांडूळ?

नितळ, मध्यम पाण्यात स्पिनर. बर्फाच्या पाण्यानं नदी दुधाळ झाली असेल आणि गांडुळाला परवानगी असेल, तर गांडूळ, कारण मासा तेव्हा वासावर येतो. दोन्ही चालत असतील तर नवख्यानं स्पिनरनंच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. गांडूळ मासा गिळून टाकतो आणि गळ घशात जातो, तो सोडला तरी जगेल याची खात्री नसते. स्पिनर बहुधा ओठाला लागतं.

गांडूळ लावायचं कसं? कणीक चालेल का?

तलावात आपण गांडुळांचा पुंजका करून बसवतो, तसं इथं करू नका. एकच गांडूळ, एकदोनदा टोचलेलं, दोन्ही टोकं मोकळी वळवळणारी. गळापासून वीतभर ते दीड वीत वर शिशाची एक बारीक गोळी दातानं नाही, पकडीनं दाबा. प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाका आणि ते सुटं वाहत आल्यासारखं येऊ द्या. दोरा ताणलात की गांडूळ पाण्याला आडवं ओढलं जातं, आणि ट्राउट असं अन्न खात नाही, कारण नदीत काहीच तसं वाहत नसतं. गोळी तळाच्या दगडांना अधूनमधून टकटक लागली पाहिजे. टकटक थांबली की हलकेच उचला. दगड असेल, नाहीतर मासा.

कणीक नदीतल्या ट्राउटला नको. तो किडे, अळ्या, लहान मासे खाऊन वाढलेला असतो. तळ्यात वाढवलेला, दाण्यावर पोसलेला रेनबो कणकेला येतो. सप्टेंबरात काठच्या गवतातला नाकतोडा मात्र नदीतही चालतो. इथून माती-गांडुळं भरून नेऊ नका, जे लागेल ते तिथंच शोधा.

एवढ्या नदीत मासा असतो कुठं?

ट्राउट आळशी नाही, पण काटकसरी आहे. त्याला कमी कष्टात जास्त खायला हवं असतं. तो तोंड वरच्या अंगाला करून, संथ पाण्यात उभा राहतो, आणि शेजारून वेगानं वाहणाऱ्या पाण्यातून जे येईल ते टिपतो. म्हणून जिथं वेगवान आणि संथ पाणी एकमेकांना घासतात ती रेघ शोधा. फेसाचे बुडबुडे त्याच रेघेवरून जातात. मोठ्या दगडाची मागची बाजू, आणि पुढचीही, कारण दगडापुढे पाण्याची एक गादी तयार होते. डोहाचं तोंड, जिथं खळखळ संपून खोली सुरू होते. पाण्यानं खालून पोखरलेला काठ.

फेक वर आणि आडवी, म्हणजे तुम्ही सहा वाजता उभे असाल तर दहा-अकराच्या दिशेला. स्पिनर पाण्याबरोबर खाली येतं, म्हणून पाण्याहून किंचित जास्त वेगानं गुंडाळा. तसं केलं नाही तर पातं फिरत नाही. तुम्ही त्याच्या मागच्या बाजूला असल्यानं तुम्ही त्याला दिसतही नाही. एका जागी चारपाच फेकी, मग दहा पावलं वर. तासभर एका दगडावर बसायची सवय तलावाची आहे, ती तलावावरच ठेवून या.

ब्राउन, रेनबो, स्नो ट्राउट: ओळखू कसे?

ब्राउन पिवळसर तपकिरी, अंगावर काळे आणि लाल ठिपके, ठिपक्यांभोवती फिकट कडं. रेनबोच्या कुशीवर गुलाबी पट्टा आणि शेपटीवरही ठिपके. ब्राउनच्या शेपटीवर ते जवळजवळ नसतात. स्नो ट्राउट नावापुरताच ट्राउट, तो खरा रोहूच्या कुळातला, हिमालयातला मूळचा मासा. लागला तर जपून सोडा. त्याचंच पाणी आहे ते.

सोडायचा तर नीट कसा सोडू?

आधी घरीच सगळ्या गळांचे उलटे काटे पकडीनं दाबून सपाट करा. स्पिनरला तिहेरी गळ असेल तर दोन आकडे कापून एकच ठेवा. मासा जवळ आला की हात पाण्यात बुडवून ओले करा आणि मगच धरा. कोरड्या हाताला त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो, तो त्याची कातडी राखतो. पोट दाबू नका, कल्ल्यात बोट घालू नका. शक्य तर पाण्यातच पकडीनं गळ उलटा फिरवून काढा. फोटो काढायचाच असेल तर त्याला वर घेताना तुम्ही श्वास रोखा. तुम्हाला श्वास घ्यावासा वाटला की तोही पाण्यात गेला पाहिजे. गळ खोल गेला असेल तर ओढू नका, दोरा तोंडाशी कापा. शेवटी तोंड प्रवाहाकडे करून सैल हातात धरा, तो स्वतः निघून जातो.

सावजी रश्श्यात ट्राउट कसा लागतो?

हा प्रश्न प्रत्येक नागपूरकर विचारतो. करू नका. सावजी मसाला मटणाला आणि गावरान कोंबडीला पेलतो, ट्राउटचं मांस नाजूक असतं, त्या तिखटात ते विरघळून जातं. मीठ, हळद, थोडं लिंबू, मोहरीच्या तेलात मंद आचेवर दोन्ही बाजूंनी परतलेला, बस्स. खवले इतके बारीक की काढावे लागत नाहीत. आणि खायला नदीतलाच कशाला हवा? खोऱ्यात लोकांनी ट्राउटच्या टाक्या केल्या आहेत, पतलीकूहलला सरकारी ट्राउट फार्म आहे. टाकीतला विकत घेऊन खा, नदीतला नदीत राहू द्या.

पाण्याची भीती कितपत बाळगायची?

भरपूर. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडून नाग नदीकाठच्या घरांत पाणी शिरलं ते आपण पाहिलं आहे. डोंगरात याहून कमी वेळ मिळतो. ८ जून २०१४ ला, औटहून फार दूर नसलेल्या थलौटजवळ बियासच्या पात्रात फोटो काढायला उतरलेले हैदराबादचे २४ विद्यार्थी धरणातून सोडलेल्या पाण्यानं वाहून गेले. संथ दिसणारं पात्र होतं ते. धरणाच्या खालच्या अंगाला पात्रात उतरायचंच नाही. वर पाऊस दिसला, पाणी गढुळलं, काटक्या-पानं वाहत येऊ लागली की मासा गळाला असला तरी दोरा कापून वर या. गुडघ्यापेक्षा खोल जाऊ नका. चपला नकोत, पकड असलेले बूट हवेत, शेवाळलेला गोटा बर्फासारखा निसरडा असतो.

मुलगी अकरा वर्षांची आहे, तिला नेऊ?

न्या. घमेल्याचा सराव मुलं मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात. काठावरच ठेवा, लाइफ जॅकेट घाला, आणि गॉगल सक्तीचा, कारण फेकताना गळ डोळ्याजवळून जातो.

पहिल्या सकाळी नेमकं काय करू?

साडेपाचला उठा, पण लगेच गळ टाकू नका. आदल्या रात्री गाठ बांधून ठेवलेली असेल ती कापा आणि पुन्हा बांधा: सहा वेढे, टोक परत घेऊन, ओढण्याआधी थुंकीनं ओलं करून. कोरडी गाठ ओढली की दोरा तापून कमकुवत होतो. परवाना खिशात ठेवा. पाण्यापासून दहा पावलं मागे उभं राहून पाच मिनिटं नुसतं बघा. सावली पाण्यावर पडतेय का, फेसाची रेघ कुठून जातेय. मग वाका, खालच्या अंगानं जवळ जा आणि पहिली फेक लांब नाही, तुमच्या पायांजवळच्या दगडामागे टाका. नवखे लोक मधल्या धारेला बघत पाण्यात शिरतात आणि काठालगतचा मासा आधीच पळवून लावतात. मला लागलेला पहिला ट्राउट असाच होता, काठापासून दोन हातांवर, जास्वंदीच्या पाकळीसारख्या लाल ठिपक्यांचा, माझ्या तळहाताहून थोडा मोठा. स्पिनर पाण्यात पडून दोन वेढे गुंडाळले होते, तेवढ्यात मुठीतली थरथर थांबली.